हलव्याचे दागिने घरी: परातीतल्या काट्यापासून दोऱ्याच्या गाठीपर्यंत

संक्रांतीच्या हलव्याबद्दल दोन तक्रारी दरवर्षी ऐकू येतात. पहिली, "काटाच आला नाही, नुसत्या गुळगुळीत गोळ्या झाल्या." दुसरी, "दागिने घालून हळदीकुंकवाला बसले आणि तासाभरात निम्मे दाणे गळाले." तक्रारी दोन असल्या तरी मूळ एकच आहे. दोऱ्याची गाठ दाण्यावरच्या साखरेच्या बारीक टोकांत, म्हणजे काट्यांत, अडकून बसते. दाणा गुळगुळीत असेल तर गाठ कितीही आवळा, ती निसटणारच. त्यामुळे दागिना टिकणार की नाही हे परातीतच ठरतं, सुईदोरा नंतर येतो.

आणि काटा का येत नाही? तीळ जास्त, पाक जास्त, आच जास्त. खालच्या पायऱ्यांमध्ये बहुतेक सूचना या तीन गोष्टी आवरण्यासाठीच आहेत.

## १. आधी दिवस मोजा

संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. हलवा त्याच्या किमान दहा दिवस आधी परातीत पडायला हवा. तीन दिवस पाक चढवायला, एक दिवस नुसता वाळायला, एक दिवस चाळून निवडायला आणि तीन दिवस गाठवायला लागतात. उरलेले दोन दिवस ढगाळ हवेसाठी राखून ठेवा, कारण ढग आले की काम बंद ठेवावं लागतं. हवेत ओल असली की पाक वाळत नाही, दाणे चिकटतात, आणि मग घाईने आच वाढवली जाते. तिथेच सगळं बिघडतं. कोकणात किंवा मुंबईत बसणार असाल तर सकाळी दहानंतरची कोरडी वेळ धरा. पंखा बंद ठेवा. त्याच्या वाऱ्याने परात एका बाजूने थंड पडते.

हळदीकुंकू आणि बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालतं. वेळ कमी पडला तर दागिने त्या बेतात बसवा, पण तीन दिवसांचं काम एका दिवसात उरकायला जाऊ नका.

## २. सामान आणि मोजमाप

- पांढरे पॉलिशचे तीळ: १ मोठा चमचा, साधारण ९ ग्रॅम
- मध्यम साबुदाणा: १ मोठा चमचा
- साखर: ६०० ग्रॅम
- दूध: २ मोठे चमचे
- पातळ पत्र्याची पितळी किंवा स्टीलची परात, तिच्याखाली ठेवायला लोखंडी तवा
- मलमलचं फडकं, छोटा चमचा, पाकासाठी वाटी आणि ती ठेवायला गरम पाण्याचं भांडं
- दोन चाळण्या: एक रव्याची, एक गव्हाची

एक चमचा तीळ वाचून बहुतेकांना वाटतं की छपाईची चूक असावी. हिशोब करून बघा. एका चमच्यात तिळाचे जवळपास ३,००० दाणे असतात. प्रत्येक दाणा ज्वारीएवढा व्हायचा असेल तर एवढेच तीळ पाव किलो साखर खातात. वाटीभर तीळ घेतले तर तेवढाच पाक पन्नास हजार दाण्यांत वाटला जाईल. तीन दिवसांनीही हातात काय उरेल? साखर लावलेले तीळ.

बायकांच्या पूर्ण संचाला, म्हणजे हार, मंगळसूत्र, बांगड्या, बाजूबंद, कानातली, बिंदी आणि नथ, सगळे धरून सहासातशे दाणे पुरतात. हार आणि बाजूबंदासाठी दाणा मोठा हवा, म्हणून साबुदाणा. नथ, कानातली आणि बांगडीच्या कडेसाठी तिळाचा बारीक दाणा. उरलेला हलवा तिळगुळासोबत वाटायला आहेच.

सावधान: तीळ आणि साबुदाणा एकाच परातीत एकत्र करू नका. साबुदाणा जड असतो, तो गडगडत फिरतो आणि तिळावरचे कोवळे काटे चिरडतो. वेगवेगळ्या बैठकी करा.

तीळ भाजायचे नाहीत. भाजले की तेल सुटतं आणि तेलकट दाण्यावर साखर धरत नाही. चाळून कोमट परातीत दोन मिनिटं फिरवले की पुरे. तुपातेलाचा हात, तेलकट झालेला चमचा, आदल्या दिवशी पुरी तळलेल्या कढईशेजारी ठेवलेली परात, हे सगळं टाळा. परात आधी चिंच किंवा लिंबाने घासून, कोरडी पुसून, थोडी तापवून घ्या. ॲल्युमिनियमची परात घेतलीत तर हलवा करडा पडतो.

## ३. पाक

एका बैठकीला १ वाटी साखर (२०० ग्रॅम) आणि अर्ध्या वाटीपेक्षा थोडं कमी, म्हणजे साधारण १०० मिली पाणी. साखर पूर्ण विरघळल्यावरच उकळी आणा. उकळी फुटली की चमचाभर दूध घाला. करडा फेस वर येईल, ती मळी. झाऱ्याने काढा आणि पाक मलमलमधून गाळून परत आचेवर ठेवा. गाळणं टाळलं तर दुधाचे कण दाण्यावर बसतात आणि दोन दिवसांत हलवा पिवळट दिसू लागतो.

पाक दोन प्रकारचा लागतो, आणि गोंधळ इथेच होतो.

पायाचा पाक (पहिला दिवस): बोटांत धरल्यावर चिकट लागतो, तार सुरू होते पण लगेच तुटते.

काट्याचा पाक (दुसरा आणि तिसरा दिवस): पक्की एक तार. अंगठा आणि तर्जनी हळू दूर नेली की सेंटिमीटरभर तार न तुटता उभी राहते.

पाक पातळ असला तर तो आधीचा थर थोडा विरघळवतो, दाण्याला सगळीकडून सारखा लागतो आणि दाणा गुळगुळीत होतो. पायासाठी हेच हवं असतं. काट्यासाठी मात्र पाक दाण्याला लागल्या लागल्या वाळला पाहिजे. जिथे जरा उंचवटा आहे तिथे तो आधी लागतो, आधी वाळतो, आणि उंचवटा आणखी उंच होतो. दोन तारांपर्यंत गेलात तर दाणे एकमेकांना धरतात आणि चिक्की होते.

लिंबू घालू नका. गुलाबजामच्या पाकात साखर बसू नये म्हणून लिंबू पिळतात. इथे साखर बसायलाच हवी आहे. लिंबाचे चार थेंब गेले तरी दाण्याला शेवटपर्यंत चिकटपणा राहतो.

पाकाची वाटी गरम पाण्यात ठेवा. थंड पाकात तळाशी साखर बसते, ती परातीत गेली की दाण्याऐवजी नुसती पिठी तयार होते. रोज पाक ताजा करा. कालचा उरलेला चहाला चालतो, हलव्याला नाही.

## ४. पहिला दिवस: पाया

१. तवा मंद आचेवर ठेवून त्यावर परात. पाच मिनिटांनी परातीच्या तळाला हात टेकवा. सावकाश पाच मोजेपर्यंत हात ठेवता आला पाहिजे. दोनलाच उचलावा लागला तर आच जास्त आहे. दहापर्यंत काहीच वाटलं नाही तर कमी.

२. तीळ परातीत पसरा. छोट्या चमच्याने अर्धा चमचा पाक एका जागी न ओतता फिरवत शिंपडा.

३. लगेच बोटं पसरून, हाताचं वजन न टाकता, दाणे गोल फिरवत राहा. दाणे गडगडले पाहिजेत, घासले जाता कामा नयेत. उलथनं, कालथा, चमचा यातलं काही चालत नाही. बोटांना जेवढा दाब कळतो तेवढा लाकडाला कळत नाही.

४. सुरुवातीला दाणे ओले आणि गुठळ्या धरणारे वाटतील. गुठळी बोटांच्या टोकांनी सुटी करा. तीन-चार मिनिटांत आवाज बदलतो. ओल्या दाण्यांचा आवाज येत नाही. वाळले की परातीवर रेती सरकल्यासारखी खरखर ऐकू येते. ती ऐकल्याशिवाय पुढचा चमचा टाकू नका.

५. असे वीसेक अर्धे चमचे. साधारण दीड तास.

तपासणी: दिवसअखेर प्रत्येक तीळ पूर्ण पांढरा आणि गोलसर हवा. तिळाचं टोक अजून दिसत असेल तर आणखी पाचसहा चमचे याच पाकाचे द्या. उघडं टोक राहिलं तर दुसऱ्या दिवशी तिथूनच थर सुटतो.

परात आचेवरून उतरवा, वर सुती फडकं टाका, रात्रभर तशीच ठेवा. स्टीलच्या डब्यात गरम गरम भरून झाकण लावलंत तर आतल्या वाफेने सकाळी एकच ढेप सापडेल.

साबुदाण्यालाही हीच पद्धत. दाणा मुळात मोठा, म्हणून पायाला बारा-पंधरा चमचे पुरतात.

## ५. दुसरा आणि तिसरा दिवस: काटा

सकाळी पहिलं काम चाळण्याचं. रव्याच्या चाळणीतून साखरेचा भुगा काढून टाका. भुगा परातीत राहिला तर नवा पाक आधी तोच शोषून घेतो, दाण्यांना काही मिळत नाही आणि नको त्या गुठळ्या होतात. ही पायरी चुकते म्हणूनच "एवढा पाक घातला, दाणा काही वाढेना" असं होतं. दर आठदहा चमच्यांनी पुन्हा एकदा चाळा.

आता पाक पक्क्या एका तारेचा. चमचा अर्ध्यावरून पाऊण, मग पूर्ण. दाणे वाढलेत, तेवढा पाक ते घेऊ शकतात. पाक थोडा उंचावरून, बारीक धारेने सोडा म्हणजे तो थेंबाथेंबाने पसरतो. बोटं आदल्या दिवसापेक्षाही हलकी. पंधराव्या चमच्याच्या आसपास दाण्यावर बारीक खडबडीतपणा दिसू लागतो. नखाने हलकेच चाचपलं तर कळतो. इथून पुढे घाई केली की काटे मोडतात आणि परातीत पांढरी पिठी वाढते. पिठी वाढू लागली याचा अर्थ हात जड झालाय किंवा परात फार तापलीय.

दर दिवशी पंचवीस चमचे, दोन-सव्वादोन तास. एकटीने सलग बसण्यापेक्षा दोघांनी आळीपाळीने बसावं. बोटं भाजतात, हाताला घाम येतो, आणि घामाचा हात परातीत गेला की काट्याचं टोक विरघळतं. शेजारी कोरडा नॅपकिन ठेवा आणि दर चमच्याला हात पुसा.

काटा येत नसेल तर या क्रमाने बघा:

- चाळलं होतं का?
- पाकाची तार उभी राहते का?
- वाळण्याआधीच पुढचा चमचा पडतोय का?
- परात थंड आहे का? थंड परातीत पाक हळू वाळतो आणि पसरून गुळगुळीत होतो.
- हवा दमट आहे का? असेल तर आज थांबा.

रंग हवा असेल तर शेवटच्या तीन चमच्यांत केशर किंवा खायचा रंग. दागिन्यांसाठी मात्र पांढराच बरा. काळ्या साडीवर तोच उठून दिसतो, आणि रंगीत हलव्याचा डाग कपड्यावरून सहज जात नाही.

तिसऱ्या दिवशीचं काम झालं की हलवा एक दिवस फडक्याखाली उघडा वाळू द्या. ताजा दाणा आतून किंचित मऊ असतो. त्यावर गाठ आवळली तर तो फुटतो.

तपासणी: दोन दाणे एकमेकांवर घासा. कट्कन आवाज आला आणि पीठ पडलं नाही तर हलवा दोऱ्याला तयार.

घरचा हलवा जमला नाही आणि दिवस हातातून गेले, तर बाजारातून आणायला काही हरकत नाही. हीच घासायची तपासणी दुकानात करा, आणि पाकीट उलटंसुलटं करून तळाशी किती पिठी बसलीय ते बघून घ्या.

## ६. निवड

गव्हाच्या चाळणीने मोठे-लहान वेगळे करा. मग ताटात पसरून हाताने निवडा: चांगले गोल काटेरी हारासाठी, लांबट कानातल्यांसाठी, जोडलेले आणि चपटे पुठ्ठ्यावर चिकटवायला. एका हारात दाण्यांचा आकार बदलत गेला तर तो हार घातल्यावर वाकडा लोंबतो.

## ७. गाठवणं

हलव्याला सुईने भोक पाडायचा प्रयत्न करू नका. दाणा फुटतोच, आणि नाही फुटला तर भोकातून ओल जाते. दाणा दोन दोऱ्यांच्या मध्ये धरून बांधायचा असतो.

दोरा साधा पांढरा सुती. नायलॉनची गाठ सरकते आणि जरीचा दोरा काटे कापतो. दोऱ्याला मेणबत्तीचं मेण एकदा ओढून घ्या.

१. दीड मीटर दोरा घेऊन दुहेरी करा. मधला फास उशीला टोचलेल्या मोठ्या सेफ्टी पिनमध्ये अडकवा. आता दोन पदर तुमच्याकडे येतात.

२. पिनेपासून चार बोटं सोडून दोन्ही पदरांची साधी गाठ मारा.

३. गाठीला टेकवून दोन पदरांच्या मध्ये दाणा ठेवा. एक पदर डावीकडून, एक उजवीकडून. डाव्या हाताच्या चिमटीत दाणा आणि पदर एकत्र धरा.

४. दाण्याच्या पुढे पुन्हा साधी गाठ. ती पूर्ण आवळण्याआधी नखाने ढकलत दाण्याला भिडवा, मग ओढा. पदर काट्यांच्या खाचांत बसलेला दिसला पाहिजे.

५. दाणा वाटाण्याएवढा मोठा असेल तर गाठ मारण्याआधी दोन्ही पदरांची त्याच्या पाठीमागे एकदा अढी घाला. दोऱ्याचा चौकोन होतो आणि दाणा कुठूनच सुटत नाही.

६. पुढचा दाणा. दोघांत तांदळाच्या दाण्याएवढं अंतर पुरे.

एवढ्या दोऱ्यात साधारण २० सेंटिमीटरचा सर होतो, अठ्ठावीस-तीस दाण्यांचा. ६० सेंटिमीटरचा हार हवा असेल तर असे तीन सर करून जोडा. सुरुवातीलाच चार मीटर दोरा घेतला तर प्रत्येक गाठीतून लांब शेपूट ओढावं लागतं, ते आधीच्या दाण्यांवर घासत जातं आणि काटे झडतात. सराचे जोड दिसू नयेत म्हणून तिथे सोनेरी मणी ओवा.

तपासणी: प्रत्येक सर एका टोकाला धरून ताटावर दहा वेळा झटका. जे गळायचं ते इथेच गळू दे.

मंगळसूत्रासाठी त्याच दुहेरी दोऱ्यात पाच काळे मणी, एक दाणा, पुन्हा पाच मणी असा क्रम धरा. मणी ओवायला पदरांना सुई लावावी लागते, दाणा आला की सुई बाजूला. ठुशी आणि चिंचपेटी दोऱ्यावर नीट बसत नाही. ती पुढच्या पद्धतीने.

## ८. पुठ्ठ्यावरचे दागिने

नथ, बाजूबंद, कंबरपट्टा, बिंदी, मुकुट, जावयाच्या हाताचं घड्याळ हे सगळं पुठ्ठ्यावर. आकार आधी कागदावर कापून अंगाला लावून बघा, मग पुठ्ठा कापा आणि त्यावर काळं मखमली कापड किंवा सोनेरी कागद चढवा. उघड्या पुठ्ठ्यावर दाणे लावले तर मधल्या फटी तपकिरी दिसतात.

फेव्हिकॉलात पाणी असतं आणि पाण्याने साखर विरघळते. म्हणून गोंद पसरून त्यावर मूठभर हलवा टाकायची पद्धत चुकीची. टाचणीच्या टोकाने दाण्याएवढाच ठिपका द्या, मिनिटभर घट्ट होऊ द्या, मग दाणा टेकवा. रात्रभर आडवं ठेवून वाळवा. ग्लू गन असेल तर काम लवकर होतं. ठिपका देऊन दोन मोजा आणि दाणा ठेवा. तो बोटाने नाही, चिमट्याने.

दाणे लावताना बाहेरची कड आधी पूर्ण करा, मग आत या. मधून सुरू केलं की कडेला अर्ध्या दाण्याची जागा उरते आणि ती भरता येत नाही. बांगड्यांना जुनी प्लॅस्टिकची बांगडी घेऊन तिला साटीनची फीत गुंडाळा आणि बाहेरच्या बाजूने एकच ओळ लावा. दोन ओळी लावल्या की बांगड्या एकमेकींवर घासतात.

सावधान: गोंद लागलेला हलवा खायचा नाही. दोऱ्याचे दागिने नंतर कापून खाता येतात, पुठ्ठ्याचे नाही. मुलांना आधीच सांगून ठेवा.

## ९. बोरन्हाणाचे दागिने

वर्षाच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ४६ सेंटिमीटर असतो. मुकुटाची पट्टी ३० सेंटिमीटर ठेवा आणि बाकी जागेला मऊ फीत, म्हणजे सैल-घट्ट करता येतो. आतल्या बाजूला सुती कापड शिवा. टाचण्या, स्टेपलर, तार यातलं काही वापरू नका.

बाळाचा हात पोचेल तिथे दोऱ्याचा दागिना नको. हार पुठ्ठ्यावर आणि छातीपर्यंतच, मनगटावर काही नाही. हलव्याचा दाणा कडक आणि बरोबर श्वासनलिकेत अडकेल एवढा असतो. बाळाच्या डोक्यावरून ओततात त्यात बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हरभरे असतात. मोठी मुलं ते वेचत असताना बाळाला मांडीवर उचलून घ्या. फोटो झाले की दागिने लगेच उतरवा.

## १०. ठेवणं आणि घालणं

तयार दागिने बटर पेपरवर आडवे, एकावर एक न ठेवता, घट्ट झाकणाच्या डब्यात. कोपऱ्यात कोरड्या तांदळाची छोटी पुरचुंडी ठेवा, ओल ती ओढून घेते. फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर दाण्यांवर पाणी धरतं. मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या ताटात ठेवायची जुनी सवय इथे बाधते, कारण ओलही सोबत येते. त्यापेक्षा डब्याभोवती हळदीची रेघ ओढा.

घालताना अत्तर, पावडर, क्रीम सगळं आधी. दागिने सर्वात शेवटी. मानेला घाम येतो तिथे हाराच्या मागच्या भागात दाणे न लावता नुसती फीत ठेवा. घरी आल्यावर साडीला साखर लागली असेल तर कोमट पाण्याच्या फडक्याने टिपून घ्या आणि पूर्ण वाळल्यावरच इस्त्री फिरवा. साखरेवर इस्त्री फिरली तर तपकिरी डाग कायमचा बसतो.